पाठीमागचे आठ फूट

टेप धरून मी शेडभर फिरते.
वडगावात, घरामागं. आधी इथं दोन माग होते.
खड्डे बुजवलेत, तरी फरशीखाली ते कुठं आहेत
पायाला कळतं.
उंची नऊ फूट आठ इंच. तुळईखाली नऊ फूट एक.
हुबळीचा ईरण्णा हंचिनाळ फोनवर म्हणतो,
दहा पाहिजेच मॅडम, ड्रायव्हर वर लागतोय,
धारवाडात एकाचं झुंबर गेलं.

तुळई काढायची तर छप्पर तिच्यावरच आहे.
म्हणजे ड्रायव्हर नाही. लोखंडी काठ्याच फक्त.

पडदा तिहेरी विणीचा. त्याची किंमत ऐकून
समोरचे रामलिंग भंडारे माग थांबवून हसले:
एवढ्यात अख्ख्या गल्लीला पुरेल इतकं कापड विणून देतो,
त्यावर चेंडू मार, न्हाईतर लग्न काढ.

चौकट मात्र विकत घेणार नाही.
उद्यमबागेत माझी स्वतःची लेथ आहे,
पाइप, क्लॅम्प, सगळं तिथंच होईल,
आणि पोरं विचारतील, ताई, हे कुठल्या पंपाचं?

राहिला डोळा.
रडार चेंडूच्या मागं बसतं, आठ फुटांवर,
चेंडू उडताना बघतं.
कॅमेरा शेजारी, हातभर अंतरावर,
आपटल्याचा तेवढा क्षण टिपतो,
पुढचं सगळं गणितानं ठरवतो,
आणि पावणेदोन लाखांनी महाग.
म्हणून रडारच. खडूनं खुणा केल्या:
इथं चेंडू. इथं, मागं, फुली.

आबा जेवून आले, उंबऱ्यात चपला काढल्या.
कॅम्पातल्या मैदानावर एकतीस वर्षं
दुसऱ्यांच्या पिशव्या, पितळी बिल्ला, नंबर सतरा.
साहेब मारायचे, आबा बघायचे:
गवत, वारा, साहेबाचा मूड.
तुम्ही कधी मारला का, विचारलं की
आमचं काम न्हवं ते, एवढंच.

काही न विचारता ते चालत गेले
आणि नेमके फुलीवर उभे राहिले.
हात मागं. मान जराशी तिरकी.
सावली चेंडूवर पडू नये म्हणून अर्धं पाऊल डावीकडं.
इथं ऊन नाही, ट्यूबलाइट आहे, तरी.

मार बघू.
मी मारला, टांगलेल्या जुन्या चादरीवर, सात नंबरनं.
चादर फुगली, खाली आली.
आबांचं तिकडं लक्षच नव्हतं.
एकशे अठरा यार्ड. उजवीकडं गेला. अंगठा सैल पडला तुझा.
कशावरून?
आवाज आला की.

ईरण्णाला परत फोन. कॅमेरावाला पाठव.
का मॅडम, रडार बसतंय की नीट तिथं?
तिथं जागा नाही, म्हटलं.
कितीतरी वेळ तो मीच पाठवलेली मापं
मला वाचून दाखवत होता.

आता बसलाय तो. त्यात दोनशे मैदानं आहेत,
समुद्राकाठची, वाळवंटातली, एक तर बर्फाशेजारचं.
कॅम्पातलं नाही.
भाषांच्या यादीत माझी नाही, ईरण्णाचीही नाही,
त्या दिवशी आम्ही दोघं एका बाजूला होतो.
वीज गेली की सगळं काळं;
यूपीएस हिशेबात धरलाच नव्हता.

यंत्र म्हणतं एकशे चौतीस.
आबा म्हणतात एकशे सव्वीस. वारा कुठाय ह्यात?
वरच्या कोपऱ्यात लिहिलंय खरं: वारा, शून्य.
चेंडू पडद्यावरून घरंगळत येतो,
माझ्या बाजूनं जाऊन त्यांच्या पायाशी थांबतो.
ते गुडघा धरून वाकतात, सदऱ्याच्या टोकानं पुसतात.

तुम्ही मारा की आबा.
काठी त्यांनी हातात घेतली,
तोललीसुद्धा, तोंड अंगठ्यानं साफ केलं,
आणि पिशवीत ठेवून दिली.
ही न्हवं. सहा नंबर घे.

घेतली.